जॉन ब्रामचा तीन डिस्कचा संच : आवाज बारीक, माणूस अवाढव्य

डीव्हीडी प्लेअरचा ट्रे आतच अडकून बसला आणि आत नेमकी, दिग्दर्शक जॉन ब्रामच्या तीन जुन्या भयपटांच्या संचातली, 'हँगओव्हर स्क्वेअर' होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने हात वर केले. या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत म्हणे, नवीन घ्या. नवीन घ्यायचा तर तो रीजन पाचचा, म्हणजे भारतातल्या डिस्क चालवणारा, आणि माझा संच रीजन एकचा, अमेरिकेतला. भाच्याने न्यू जर्सीहून बॅगेत घालून आणला होता, कस्टम ड्युटी वाचावी म्हणून. शेवटी आमच्या गल्लीतल्या रेडिओवाल्याने आतला रबरी बेल्ट बदलून दिला. शंभर रुपये. वर "आता डीव्हीडी कोण बघतं, काका?" हेही ऐकवलं. कोण बघतं आणि कशासाठी, ते लिहावंसं वाटलं.

चित्रपटांच्या गोष्टी सांगत बसत नाही. हा संच शोधत येणाऱ्याला त्या ठाऊक असतात. मला बोलायचंय त्यातल्या दोन चित्रपटांत झळकणाऱ्या एका नटाच्या आवाजाबद्दल.

हा नट लेअर्ड क्रेगर, सव्वासहा फूट उंच. वजन एके काळी तीनशे पौंड, म्हणजे आपले सुमारे १३५ किलो. अशा देहातून काय गडगडाट निघेल असं वाटतं, पण हा बाबा बोलतो हळू, मऊ, जवळजवळ माफी मागितल्यासारखा. 'द लॉजर'मध्ये त्याचा स्लेड भाड्याच्या खोलीत येतो आणि भिंतीवरच्या नट्यांच्या तसबिरी उलट्या फिरवून ठेवतो. घरमालकिणीला त्याचं कारण सांगतानाचा सूर इतका खालचा की माझ्या टीव्हीच्या कागदी स्पीकरने तो गिळूनच टाकला. आवाज वाढवावा, तर पुढच्याच प्रसंगात पोलिसांच्या शिट्ट्या. 'हँगओव्हर स्क्वेअर'मध्ये तर आणखी कठीण, कारण तिथे बर्नार्ड हर्मनचं संगीत. क्रेगरचा संगीतकार जॉर्ज बोन पुटपुटतो तेव्हा आवाज ३० वर, पियानो सुरू झाला की धावत १२ वर. कर्कश आवाज झाला की या बोनची शुद्ध हरपते आणि तो खून करतो, हे कथानक आमच्या शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून नीट समजलं असावं.

पहिले दोनतीन आठवडे मी या संचाला पाचपैकी अडीच तारे देऊन मोकळा झालो असतो. मग माळ्यावरचा जुना अँप्लिफायर काढला. त्याचा एक स्पीकर कधीचाच मेलेला. पण हे चित्रपट मुळात मोनो, म्हणजे आवाज एकाच वाटेने येणारे, त्यामुळे एक स्पीकर पुरतो! दमडी खर्च न होता तक्रार मिटली आणि तेव्हा कुठे हा नट मला ऐकू आला. तो शब्द सोडत नाही, ओठांत धरून ठेवतो. दम भरायचा तर आणखी हळू बोलतो. मग जुन्या आठवणीतली इतर कामंही हुडकून पाहिली. 'आय वेक अप स्क्रीमिंग'मधला मेलेल्या बाईत जीव अडकलेला डिटेक्टिव्ह कॉर्नेल, 'धिस गन फॉर हायर'मधला पेपरमिंट चघळणारा भित्रा गेट्स, 'हेवन कॅन वेट'मधला अदबशीर सैतान. सगळीकडे तोच आवाज कामाला लागलेला.

या माणसाची कारकीर्द म्हणावी तर चारपाच वर्षांची. फिलाडेल्फियाचा जन्म, १९१३ चा. पॅसाडेना प्लेहाउसमध्ये शिक्षण. १९४० साली लॉस एंजेलिसच्या रंगभूमीवर ऑस्कर वाइल्डची भूमिका केली आणि मग फॉक्स स्टुडिओचा करार. तिशीही गाठलेली नव्हती, पण देहामुळे त्याला मिळायचे चाळिशी-पन्नाशीचे खलनायक. त्याला हवं होतं नायक होणं. तेवढ्यासाठी त्याने कडक डाएट धरलं, सोबत अँफेटामाइनच्या गोळ्या, आणि शंभरेक पौंड उतरवले. पोटाचे हाल झाले, डिसेंबर १९४४ मध्ये ऑपरेशन करावं लागलं आणि ९ तारखेला हृदयविकाराने गेला. वय ३१. 'हँगओव्हर स्क्वेअर' लागला फेब्रुवारी १९४५ मध्ये. 'द लॉजर'च्या श्रेयनामावलीत नायिका मर्ल ओबेरॉन आणि नायक जॉर्ज सँडर्सनंतर तिसरं नाव त्याचं होतं. इथे पहिलं. ते पाहायला तो नव्हता.

मला संताप येतो तो इथे. नायक व्हायला वजन कुठे आड येत होतं? दोन्ही डिस्क लागोपाठ लावा. 'द लॉजर'मधला जाडा स्लेड जिन्यावरून उतरतो तेव्हा पडदा त्याचा असतो. सँडर्ससारखा सँडर्स बाजूला उभा राहतो. 'हँगओव्हर'मध्ये गाल उतरलेत, जबडा दिसू लागलाय, आणि खांदे मात्र अजून आधीच्याच माणसाचे. अभिनय तसूभर वाढलेला नाही, कारण वाढायला जागाच नव्हती. 'हँगओव्हर'ची मूळ कादंबरी घ्या म्हणून स्टुडिओच्या मागे लागणारा हाच, आणि पटकथेत १९३९ चं लंडन जाऊन एडवर्ड राजाच्या काळातलं, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं आल्यावर नकार देऊन निलंबन ओढवून घेणाराही हाच. शेवटी तयार झाला. पदरी काय पडलं, तर इंग्रजांच्या गाय फॉक्स रात्रीची, ५ नोव्हेंबरची ती होळी, खांद्यावर नायिका लिंडा डार्नेलचं प्रेत, आणि शेवटी जळत्या सभागृहात एकट्याने पियानोवर वाजवलेला कॉन्चर्टो. तो भाग एका स्पीकरवरही अंगावर येतो.

संचातला क्रेगरवरचा माहितीपट एकदा पाहण्यासारखा आहे. अंत्यविधीला श्रद्धांजलीचं भाषण नट व्हिन्सेंट प्राइसने केलं होतं. पुढे अशा भयपटांतल्या भूमिका प्राइसकडेच गेल्या, त्यामुळे ते वाचलं तेव्हा जरा विचित्र वाटलं होतं.

मर्ल ओबेरॉन आपल्या मुंबईत जन्मलेली, आणि जन्मभर टास्मानिया सांगत राहिली. अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले होते. ते दिसू नयेत म्हणून छायालेखक ल्युसियन बॅलार्डने 'द लॉजर'साठी कॅमेऱ्याजवळ खास दिवा बसवला आणि १९४५ मध्ये तिच्याशी लग्नही केलं. तिचे क्लोजअप कसे उजळ आहेत ते बघाच. त्याच चित्रपटात क्रेगरच्या अर्ध्या तोंडावर कायम अंधार.

चित्र स्वच्छ, धुक्यातही करडे रंग वेगळे दिसतात. बॉक्सचा पुठ्ठा भिकार, कोपरे फाटले. तारे आता साडेचार. अर्धा कापला तो तिसऱ्या डिस्कसाठी. 'द अनडाइंग मॉन्स्टर', १९४२ चा, तासाभराचा, लांडग्याचा, आणि क्रेगर त्यात नाहीच. पैसे मात्र तिन्हींचे मोजले. कुणाला हवी असेल तर घेऊन जा, एकदाच लावलेली आहे. कुरियरचा खर्च तुमचा.