जुन्या स्प्लेंडरला फुल वेव्ह चार्जिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऊसतोडीचा हंगाम लागला की सांगली-तासगाव रस्त्यावर पुढच्या ट्रॉलीला मागचा दिवा असेलच याची खात्री नसते. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाईट नेमका तेव्हाच दगा देतो. ट्रॉलीमागं गाडी हळू केली की उजेड पिवळा पडतो, कारण हा दिवा बॅटरीवर चालतच नाही. मॅग्नेट कॉइलच्या (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या) पिवळ्या वायरीतून एसी करंट थेट बल्बला जातो. रेस कमी तर उजेड कमी. बॅटरीला पांढऱ्या वायरीतून चार्जिंग मिळतं, तेही हाफ वेव्ह, म्हणजे लाटेचा अर्धा भाग वायाच. कंपनीनं २.५ एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी, हॉर्न आणि इंडिकेटर एवढ्यापुरताच हा हिशोब धरला होता, आणि तेवढ्याला तो पुरतोही. मी चार्जिंग फुल वेव्ह, म्हणजे लाटेचे दोन्ही भाग वापरणारं, करून हेडलाईट बॅटरीवर घेतला.

जून ते जानेवारी, पावसाळा आणि हंगाम धरून जेमतेम सहा हजार किलोमीटर चालवलेल्या किक स्टार्ट गाडीवरचा हा अनुभव आहे. बसवलं ते असं: चार वायरींचं फुल वेव्ह शंट आरआर युनिट, म्हणजे एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर (दोन पिवळ्या, एक लाल, एक हिरवी), चार पिनांचा रिले (करंटवर चालणारा स्विच), १० अँपिअरच्या फ्युजचा होल्डर, १.५ स्क्वेअर एमएमची तीन मीटर वायर आणि फायबर ग्लासची स्लीव्ह. बल्ब मुद्दाम ३५/३५ वॅटचा हॅलोजनच ठेवला. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी टाकला की उजेड फाकतो. समोरचा शिव्या घालतो आणि आपल्याला खड्डा दिसत नाही तो नाहीच.

सगळी मेख कॉइल प्लेटवर आहे. वाइंडिंगचं एक टोक लोखंडी कोअरला अर्थ केलेलं असतं. ते सोडवून वेगळ्या वायरीनं बाहेर आणल्याशिवाय फुल वेव्ह होत नाही. पण बऱ्याच प्लेटवर त्याच टॅगला (सोल्डरच्या पत्रीला) सीडीआयच्या, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या युनिटच्या, एक्सायटर कॉइलची केसासारखी बारीक तारही सोल्डर केलेली असते. ती अर्थलाच राहिली पाहिजे. दोन्ही एकदम उचलल्या की प्लगला करंटच येत नाही, आणि मग चांगला प्लग अन् चांगला सीडीआय उगाच बदलला जातो.

प्लेट खोलण्याआधी एक मोजमाप करून ठेवा. सीडीआयच्या वायरी जोडलेल्याच ठेवून पांढरी आणि पिवळी हार्नेसपासून (गाडीच्या वायरिंगच्या जुडग्यापासून) सोडवा, इंजिन चालू करा आणि दोन्हींचा बॉडीशी एसी व्होल्टेज बघा. जिच्यात जास्त, ती वाइंडिंगच्या टोकाची; दुसरी मधल्या टॅपची, म्हणजे वाइंडिंगच्या मधूनच काढलेली. सहसा टोक पांढरीचं असतं, पण डुप्लिकेट प्लेटवर रंगांचा भरवसा नाही. पुढं ‘पांढरी’ म्हणजे ही टोकाची वायर समजा. ओहममधून हा फरक साध्या मीटरवर कळत नाही. रेस वाढवली की व्होल्टेज सरळ चढत गेला पाहिजे. मध्येच अडखळला तर कॉइल आतून जळालेली समजा आणि पुढचा खर्च करू नका.

मॅग्नेट पुलरनंच काढा. हातोडीनं कडा ठोकली की आतली चुंबकं सुटतात. टॅग सोल्डर करायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, कोअर उष्णता ओढून घेतो. किमान ६० वॅटचं लागतं. तारेवरचं इनॅमल खरवडून तांबं उजळ दिसेपर्यंत साफ करा, नवी वायर सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवा आणि दोऱ्यानं घट्ट बांधून इपॉक्सी लावा. इथं काळी टेप चालत नाही. उष्णतेनं तिचा गोंद वितळतो आणि सुटलेला शेपटा फिरत्या मॅग्नेटला घासतो. प्लेट उघडलीच आहे तर मागची ऑइल सील आणि ओ-रिंगही बदलून टाका. बसवण्याआधी मीटर लावा: नवी वायर आणि बॉडी यांत कंटिन्युइटी अजिबात नको, नवी वायर आणि पांढरी यांत साधारण एक ओहम किंवा कमी, आणि एक्सायटरची वायर बॉडीशी जुळलेली.

पुढचं वायरिंग सोपं. नवी आणि पांढरी या दोन वायरी युनिटच्या दोन पिवळ्यांना, कोणतीही कुठेही. लाल मुख्य फ्युजमधून बॅटरीच्या प्लसला, हिरवी थेट मायनसला. मधल्या टॅपची वायर कापून बंद करा. ती चुकून हार्नेसला राहिली तर कॉइल पुन्हा अर्थ होते. हार्नेसकडच्या पिवळ्या लाइनला आता रिलेच्या ८७ नंबरच्या पिनमधून डीसी द्यायचा. ३० ला फ्युजमधून बॅटरी, ८६ ला चावीनंतरची काळी वायर, ८५ अर्थ. हेडलाईट, टेल लॅम्प, मीटरचा दिवा सगळं जुन्याच स्विचवर चालतं. काही गाड्यांत या लाइनवर रेझिस्टर असतो, तोही काढा.

हेडलाईट चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मिळालेले आकडे: आयडलला १२.३ व्होल्ट, तिसऱ्या गिअरला ३० च्या वेगात १३.४, चौथ्याला ५० वर १४.१. दिवा बंद करून रेस दिली तर १४.४ आणि तिथंच स्थिर. १५ च्या वर काटा गेला तर युनिट लगेच उतरवा. पहिलं स्वस्तातलं युनिट १५.६ देत होतं. दहा मिनिटांत बॅटरीजवळ ॲसिडचा वास येऊ लागला, ते परत केलं. बसवल्याबरोबर हे एक माप घेतलं तर बॅटरी वाचते.

दुसऱ्या महिन्यात चार्जिंग अधूनमधून तुटायला लागलं. युनिट चांगलं होतं. त्याच्या कपलरमधली एक पिवळी पिन ढिल्या क्रिंपमुळं (वायरीवर नीट दाबली न गेल्यामुळं) तापून तपकिरी झाली होती. पिन नवी घालून, नीट क्रिंप करून वर सोल्डर सोडला, त्यानंतर तक्रार नाही. युनिट आधी साइड पॅनेलच्या आत होतं, हात लावता येत नव्हता इतकं तापायचं. आता वारा लागेल अशा जागी, रंग खरवडून फ्रेमला थेट पेचलंय. शंट युनिट जास्तीचा करंट कॉइल शॉर्ट करून जिरवतं, त्यामुळं एलईडी लावला किंवा दिवे बंद ठेवले म्हणून कॉइल थंड राहते हा गैरसमज आहे.

चार्जिंग होत नसेल तर युनिट विकत आणण्याआधी हे करा. इंजिन चालू, हेडलाईट चालू, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक युनिटच्या लाल पिनवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर: ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष वायर, फ्युज होल्डर किंवा कपलरचा. तसंच हिरवी पिन ते बॅटरी मायनस. हे माप घेतलं असतं तर गॅरेजमध्ये बदललेल्या युनिटांपैकी कितीतरी बदलावीच लागली नसती. रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर चावी बंद करून मायनस काढा आणि मधे अँपिअरमीटर लावा. काही मिलिअँपिअर जात असतील आणि युनिटचा कपलर काढताच शून्य झालं, तर आतला डायोड गळतोय.

सांगलीत जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्या अजून विक्रीला येतात. त्यांच्या वायरिंगला वरून काही दिसत नाही, पण कपलरपाशी इंचभर वायर सोलली की तांबं काळंहिरवं निघतं. अशी वायर उजळ तांबं लागेपर्यंत मागं कापत जा. वीतभर मागं गेलं तरी काळंच असेल तर जोड देत बसू नका, हार्नेसच बदला.

ज्यांची गाडी दिवसाच आणि गावातच फिरते त्यांनी या भानगडीत पडू नये, मूळ व्यवस्था त्यांना पुरेशी आहे. मॅग्नेटमधून सीडीआयसाठी काळी-लाल वायर वेगळी येत नसेल, म्हणजे सीडीआय डीसी, बॅटरीवर चालणारा असेल, तर वरचं वायरिंग जसंच्या तसं लावू नका. आणि बॅटरी काढून इंजिन कधीच चालू करायचं नाही, बल्ब जातात.

सवय एकच बदलावी लागते. पूर्वी इंजिन बंद झालं की हेडलाईट आपोआप विझायचा, आता चावी चालू असेपर्यंत जळतो. रात्रीच्या लाईटला मळ्यातली मोटर सुरू करायला गेलात आणि उजेडासाठी दिवा तसाच ठेवला, तर टेल लॅम्प धरून तीन अँपिअर जातात, २.५ एएचची बॅटरी तासाच्या आत संपते. तरी किक मारली की गाडी चालू होते, कारण सीडीआय अजून स्वतःच्या कॉइलवर आहे. फक्त बॅटरी थोडी भरेपर्यंत गाडी जागेवरच रेसवर ठेवा, दिवा नंतर लावा.