वातीचं मशीन, बायबॅकचा करार आणि माझे २,१०,३६० रुपये

माझे २,१०,३६० रुपये गेले आहेत. यात बचत गटाच्या कर्जाचं व्याज धरलेलं नाही, आणि पाटल्या गहाण टाकल्या त्याचंही नाही. "घरबसल्या वाती बनवा, कापूस आमचा, तयार माल आम्हीच घेणार, लेखी करार" ही "बायबॅक"ची, म्हणजे तयार माल परत विकत घेण्याची, जाहिरात तुम्ही पाहिली असेलच. कुठे वातींच्या जागी अगरबत्ती असते, कुठे पेन्सिल पॅकिंग, कुठे द्रोण-पत्रावळी, कुठे एलईडी बल्ब. योजना कशी चालते हे कुणाला नव्याने सांगायला नको. पैसे नेमके कुठल्या कुठल्या नावाखाली काढून घेतात आणि गेल्यावर एकही सरकारी माणूस आपल्याला कसं उभं करून घेत नाही, तेवढं मला सांगायचं आहे.

हिशेब असा. मशीन १,४५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून २६,१००. "परत मिळणारी" अनामत २५,०००. पहिला कापूस ५० किलो, ३८० रुपये दराने १९,०००. वाहतूक ३,८००. करार आणि स्टँप २,५००. एकूण २,२१,४००. त्यातले एक लाख बचत गटाचे, ऐंशी हजार पाटल्यांवरचे, बाकीचे घरातले. परत आले ११,०४०.

जीएसटीचे २६,१०० घेतले, पण हातात आली ती "प्रोफॉर्मा इन्व्हॉइस". ते बिल नसतंच. पक्क्या बिलावर "टॅक्स इन्व्हॉइस" असं छापलेलं असतं. त्या कागदावरचा जीएसटी नंबर नंतर पोर्टलवर टाकून पाहिला, तर नोंदणी आधीच रद्द झालेली. हे बघायला एक रुपया लागत नाही, लॉगिनसुद्धा लागत नाही. पैसे देण्याआधी बघा. आणि ऑफिसात फ्रेम करून लावलेल्या उद्यम सर्टिफिकेटला भुलू नका. ते कोणीही आपल्या आपण ऑनलाइन फुकट काढतं, सरकार त्यात कंपनीची काही हमी घेत नाही. कंपनी नोंदणीचंही तसंच. नोंदणी झाली म्हणजे धंदा खरा, असं कोणी तपासलेलं नसतं.

आता लोक म्हणतात, एवढी शिकलेली बाई कशी फसली. आम्ही सोलापूरचे. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, दोन पाळ्यांची एक पाळी झाली आणि घरात येणारा पैसा अर्ध्यावर आला. आणि सोलापुरात बाईने घरी बसून माल बनवणं यात नवल काय आहे? पूर्वभागात घरोघरी बिड्या वळल्या जातात. पान-तंबाखू मालक देतो, वळलेल्या बिड्या मोजून घेतो, छाट म्हणजे खराब बिड्या बाजूला काढतो, मजुरी देतो. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर हेच केलं. त्यामुळे "कापूस आमचा, वाती आम्ही घेणार" हे ऐकून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. फरक एकच होता, आणि तो मला कोणी दाखवला असता तर बरं झालं असतं. बिडीवाला बाईकडून आधी दोन लाख घेत नाही. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडे पैसे मागायला लागला, की त्याचा धंदा काम देण्याचा नसून मशीन विकण्याचा असतो.

आणि एक क्षण असा होता की तिथेच मी थांबायला हवं होतं. तो आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. तेव्हा मी फक्त ११,००० बुकिंगचे दिले होते. मधल्या मारुतीला पूजेचं सामान घ्यायला गेले होते. दुकानदार ओळखीचा. त्याच्याकडे वातींचं पोतं उघडं पडलं होतं, म्हणून सहज दर विचारला. त्याने पोत्याच्या तोंडाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी उलटी करून माझ्यासमोर धरली. निळ्या शाईत ४४० लिहिलेलं. म्हणाला, "किलोला. दुकानात पोच."

कंपनी मला किलोला ६८० देणार होती. तेही कापूस ३८० ने देऊन, म्हणजे किलोमागे ३०० रुपये मला सुटणार. जी वस्तू बाजारात दुकानापर्यंत पोचून ४४० ला मिळते, ती ६८० ला विकत घेऊन कोणी कुठे विकणार आहे? तिसरीतलं पोर सांगेल. मला दिसलं. दिसलं म्हणूनच मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावला. तो जराही अडखळला नाही. "ताई, तो लोकल माल. आपला माल एक्स्पोर्ट क्वालिटी आहे, दुबईला जातो. आणि दुकानदार तुम्हाला खरं कशाला सांगेल? उद्या तुम्हीच त्याच्या धंद्यात उतरणार." मिस्टरांना सांगितलं, तेही म्हणाले की एक्स्पोर्टचा दर वेगळाच असतो. त्याच आठवड्यात उरलेले पैसे भरले. अकरा हजारांवर सुटले असते.

एक्स्पोर्ट म्हणणाऱ्याकडे आयात-निर्यात कोड मागा. त्याच्या जुन्या शिपिंग बिलाची, म्हणजे माल परदेशी पाठवताना कस्टमकडे भरलेल्या कागदाची, प्रत मागा. खरा असेल तर दाखवेल. मी मागितलं नाही, कारण असं काही मागता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

करार अकरा पानी, इंग्रजीत, पाचशेच्या स्टँपवर. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या. मला इंग्रजी वाचता येतं, पण समोर तीन माणसं बसलेली, मागे नंबर लावून बायका उभ्या, आणि "ताई, पुढची बॅच आहे" अशी घाई. मालाच्या दर्जाबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील, हे वाक्य सातव्या पानावर होतं. सगळी योजना त्या एका वाक्यावर उभी आहे. करार घरी घेऊन जाऊ देत नसतील तर पैसे देऊ नका, यापुढे दुसरं काही तपासायचीसुद्धा गरज नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पहिला माल १० किलो दिला, ६,८०० रुपये चौथ्या दिवशी खात्यावर. हा हप्ता ते कधीच चुकवत नाहीत, कारण त्या मेसेजचा फोटो आपणच चार जणींना पाठवतो. मीही पाठवला. दुसरा माल २५ किलो. त्यातला १७ किलो "पीळ सैल, ओलावा जास्त" म्हणून नापास. ८ किलोचे ५,४४०, त्यातून तपासणी खर्च १,२०० कापून ४,२४० आले. नापास वाती परत मागितल्या तर वाहतूक तुमची. बाकीच्या वाती त्यांनी उचललेल्याच नाहीत. मग फोन आला की मशीनला नवा रोलर संच बसवला तर माल पास होईल, किंमत १८,५००. तिथे मी एक रुपया दिला नाही. माझ्या वहिनीने दिले.

हो, वहिनी. ती माझ्यामुळे या योजनेत गेली, आणि शेजारची एक बाईही. याबद्दल नातेवाइकांत जे बोललं जातंय ते मला माहीत आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. नवं माणूस आणलं की दर माणशी २,५०० रेफरल होतं, ते मला रोख मिळालं नाही, कापसाच्या पुढच्या ऑर्डरीत वळतं करणार होते आणि ती ऑर्डर आलीच नाही. मी कोणाच्या पैशावर मजा मारलेली नाही. मला ६,८०० मिळाले होते, ते खरे होते, ते पाहून मी सांगितलं. वहिनी माझ्याशी बोलत नाही. तिचा राग मला कळतो, पण तिला गंडवणारी मी नाही.

अनामतीच्या चेकबद्दल नीट वाचा, कारण यात बरेच जण अडकतात. २५,००० चा चेक त्यांनी मला आधीच देऊन ठेवला होता, "सिक्युरिटी" म्हणून. माल घ्यायचं बंद झाल्यावर मी चेक भरते म्हटलं, तर मॅनेजर म्हणे, "ताई, चेक नका लावू, सोमवारी एनईएफटी करतो." असे किती सोमवार गेले. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. मी बँकेत गेले तेव्हा तो शिळा झाला होता, त्यामुळे चेक न वटल्याची कलम १३८ ची केस हातातून गेली. वटला नसता तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची असते, पैसे द्यायला त्यांना १५ दिवस, आणि तरी नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. तुमच्याकडे असा चेक असेल तर आज भरा. गोड बोलण्यावर थांबू नका.

आता पोलीस. ठाण्यात गेले तर पहिलंच वाक्य, "करार आहे ना तुमच्याकडे? मग हा दिवाणी मामला." करार आहे म्हणून दिवाणी! अहो, फसवायचं साधनच तो करार आहे. रद्द झालेल्या जीएसटी नंबरावर माझ्याकडून कराचे पैसे घेतले, हेही दिवाणी? मग म्हणाले, कंपनीचं ऑफिस पुण्यात, तक्रार पुण्यात द्या. पुण्यात म्हणाले, पैसे सोलापूरच्या खात्यातून गेले, तिकडे द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. मी कलम १७३ ची प्रिंट काढून नेली. हवालदारांनी ती वाचलीसुद्धा नाही, टेबलावरच्या पेपरवेटखाली सरकवली. साहेब म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या बायका लोभाला बळी पडता आणि मग आमच्या डोक्याला ताप." महिना आठ-दहा हजार मिळवून पोराची फी भरायची, हा लोभ?

दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. व्यापारी व्यवहारात आधी प्राथमिक चौकशीची मुभा आहे, मान्य. पण चौकशी म्हणजे कोणीतरी कंपनीला निदान फोन करणं ना? माझा अर्ज आवक-जावकच्या वहीत आहे, त्यापुढे त्याचं काय झालं हे कोणी सांगत नाही. आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं, एवढ्या रकमेला आम्ही हात घालत नाही, आणखी तक्रारदार गोळा करून आणा. गोळा मी करायचे! कंपनीच्या वहीत सगळ्यांची नावं आहेत, ती वही जप्त करायचा अधिकार त्यांना आहे, मला नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने करार करून दिलेत, हा सायबरमध्ये बसत नाही. जिल्हा उद्योग केंद्रात म्हणे, आमच्या योजनेतली कंपनी नाही. ऑनलाइन तक्रार केली तर "संबंधित विभागाकडे वर्ग" म्हणून निकाली. संबंधित विभाग म्हणजे तेच ठाणं.

२०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण झालं. इस्लामपूरपासून सुरू होऊन राज्यभरचे शेतकरी बुडाले. पिल्लं द्यायची, अंडी आणि कोंबड्या जादा दराने परत घ्यायच्या, हाच साचा. त्याच्या आधी तमिळनाडूत इमूचं झालं. तिथले पक्षी २०१२ मध्ये खायला न मिळाल्याने मेले. एवढं होऊनही "बायबॅक" शब्द असलेली जाहिरात आली की कोणी अधिकारी जाऊन दोन प्रश्न विचारत नाही. हजारो लोक बुडाले आणि बातमी झाली की मग सगळ्यांना कायदा आठवतो.

गुन्हा नोंदवत नसतील तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. तोंडी काही करू नका. कंपनीवाल्यांचे फोन रेकॉर्ड करा, व्हॉट्सअॅप चॅट उडवू नका, मी रागाने मध्येच एकदा उडवलं आणि वकिलांनी कपाळाला हात लावला.

मला दार उघडलं ते ग्राहक आयोगाने, तेही वकिलांनी सांगितलं म्हणून. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात येत नाही असं कंपनीवाले छातीठोक सांगतात. ते अर्धवट सांगतात. स्वयंरोजगारातून केवळ पोटापाण्यासाठी घेतली असेल तर येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, आणि मुदत दोन वर्षं. करारात "वाद फक्त दिल्लीत" असं लिहिलेलं असलं तरी घाबरून गप्प बसू नका, वकिलाला दाखवा. माझी तक्रार दाखल झाली आहे. शेजारची बाईही सोबत आली. वहिनीने अजून कागद दिलेले नाहीत.

मशीन पुढच्या खोलीत आहे. भंगारवाला ९,००० म्हणाला. कोइमतूरच्या एका विक्रेत्याला फोटो पाठवून विचारलं, तर तसंच नवं मशीन ५२,००० ला सांगितलं.

हे आजच लिहायचं कारण म्हणजे परवा जाहिरात पाहिली. कंपनीचं नाव दुसरं, पत्ता दुसरा, माल आता अगरबत्ती. पण व्हिडिओत मशीनचं उद्घाटन करणारी बाई तीच आणि आवाज त्याच प्रतिनिधीचा, "ताई, पुढची बॅच आहे." मशीन १,६५,०००, बुकिंग ११,०००. स्क्रीनशॉट काढून मी तक्रारीला जोडले आहेत आणि ठाण्यात पोस्टाने पाठवले आहेत. सोलापूर, धाराशिव, लातूरकडे कोणी तिथे बुकिंग भरलं असेल तर ते ११,००० गेले असं समजा आणि पुढचा रुपया देऊ नका. आधी बाजारात जाऊन अगरबत्तीचा घाऊक दर विचारा.