लिमिटेड एडिशनचा बॅज आणि वर सहा लाख: हायवेवरच्या सेकंडहँड लक्झरी शोरूमचा रिव्ह्यू

पाचपैकी तीन स्टार देतोय, आणि ते पण गाड्या नीट ठेवल्यात म्हणून. किमतीचा विषय वेगळा आहे, तो खाली सविस्तर लिहिलाय. शोरूमचं नाव टाकत नाही कारण मला कुणाशी भांडायचं नाही, पण कोल्हापुरात कुणी अशा गाडीच्या मागं असेल तर वाचून जावा.

मावसभावाची गोकुळ शिरगावला फाउंड्री आहे आणि त्याला गेलं वर्षभर बीएमडब्ल्यू एम३४०आयचं याड लागलंय. गाडी खरंच नादखुळा आहे, तीन लिटरचं सहा सिलिंडर टर्बो इंजिन आणि चारी चाकांना ताकद, दिसायला साधी सेडान आणि पाय दाबला की माणूस सीटला चिकटतो. तर या शोरूमवाल्यांनी त्याला फोन करून सांगितलं की आमच्याकडं 'फिफ्टी यारे एम एडिशन' आलीये, २०२२ ची, एकच मालक, लिमिटेड एडिशन आहे, पुन्हा मिळणार नाही. आणि साध्या त्याच वर्षाच्या गाडीपेक्षा सहा लाख जास्त.

आता ही एडिशन काय ते आधी सांगतो. बीएमडब्ल्यूचा एम, म्हणजे मोटरस्पोर्ट विभाग १९७२ ला सुरू झाला, त्याला २०२२ ला ५० वर्षं (जर्मनमध्ये 'यारे') झाली म्हणून कंपनीनं भारतात बऱ्याच मॉडेलच्या खास एडिशन काढल्या. त्यातली ही एक, तेव्हा एक्स-शोरूम ६८.९० लाखाला होती, चेन्नईच्या प्लांटमध्येच जोडलेली. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच आठ स्पीडचा. फरक म्हणजे काळी ग्रिल, काळी चाकं आणि बॉनेटवर त्या विभागाच्या जुन्या लोगोसारखा गोल बॅज. तो बॅज त्या वर्षी दुसऱ्या एम गाड्यांवर पण ऑप्शन म्हणून मिळत होता, आणि त्याची नक्कल ऑनलाइन जेवणाच्या बिलात येते. म्हणजे नुसता बॅज बघून एडिशन ओळखायची नाही, चेसिस नंबरवरून कंपनीकडनं बिल्ड शीट, म्हणजे गाडी कारखान्यातनं काय काय लावून निघाली त्याची यादी, काढून घ्यायची.

सेल्समन पोरगा बोलायला गोड, चहा पण चांगला. टॅबवर फेरारी काढून दाखवायला लागला, साहेब बघा लिमिटेड गाड्यांचे भाव कसे वाढतात, ही गाडी नाही, इन्व्हेस्टमेंट आहे. मी म्हटलं दादा, किती बनल्या ह्या? तर 'लई कमी.' म्हटलं लई कमी म्हणजे किती? 'भारतात मोजक्याच.' आकडा काय शेवटपर्यंत आला नाही, आणि कंपनीचा एक कागद पण नाही.

इथंच सगळा घोळ आहे. फेरारीनं एफ५० काढली तेव्हा ३४९ बनवल्या, मागणीपेक्षा एक गाडी कमी विकायची हे त्यांचं गणित, आणि आकडा आधी सांगितला तो पाळला. एफ४० च्या वेळी चारेकशे म्हणाले होते आणि बनवल्या १,३११, म्हणून दोन्ही गाड्या करोडोंत असून पण आज एफ५० महाग आहे. लाफेरारी ४९९ बनवल्या आणि पाचशेवी इटलीतल्या भूकंपग्रस्तांसाठी २०१६ ला लिलावात ७० लाख डॉलरला गेली. तिथं आकडा आहे, आणि विकत घ्यायला जगभर लाइन लागलेली. इथं काळी ग्रिल आहे. आणि तसं पण लाफेरारी, पोर्शची ९१८ स्पायडर, बुगाटीची शिरॉन ह्या फक्त डाव्या स्टिअरिंगच्याच बनल्या, आपल्याकडं साधं पासिंग होत नाही, मग त्यांचे भाव दाखवून एमएच ०९ ची गाडी कशाला विकताय.

बरं आकडा असला म्हणून पण काम झालं असं नाही. पोर्शची ९११ आर घ्या, २०१६ ला आली, ९९१ गाड्या, हाताचा सहा गिअरचा गिअरबॉक्स आणि मागं पंख नाही. अमेरिकेत किंमत १,८४,९०० डॉलर आणि लगेच लोक तिप्पट-चौपट मागायला लागले. पुढच्याच वर्षी पोर्शनं जीटी३ टूरिंग आणली, तीच चव, हाताचा गिअर, पंख नाही, आकड्याची अट नाही, आणि आर चा भाव धाडकन खाली आला. वरच्या भावाला घेतलेले बसले बोंबलत. पोर्श त्यातनं शिकली, २०२३ ला ९११ एस/टी च्या १,९६३ गाड्या काढल्या तेव्हा अमेरिकेत पहिलं वर्ष गाडी लीजवरच दिली, म्हणजे घेतली आणि विकली हा धंदाच बंद. फोर्डनं तर जीटी घेणाऱ्यांकडनं दोन वर्षं विकणार नाही असं लिहून घेतलं होतं आणि जॉन सीनानं आधीच विकली म्हणून त्याला कोर्टात खेचला.

आणि आपल्या या एडिशनचं नेमकं तेच झालं. २०२२ च्याच डिसेंबरात एम३४०आयची फेसलिफ्ट, म्हणजे थोडी बदललेली नवी आवृत्ती आली, ६९.२० लाखाला, आत मोठा वळलेला डिस्प्ले. म्हणजे एडिशन घेतलेल्याची गाडी काही महिन्यांत जुन्या मॉडेलची झाली, आणि नव्याची किंमत नुसती तीस हजारानं जास्त. पोराला हे सांगितलं तर म्हणतो साहेब, जुन्या डॅशबोर्डलाच क्लासिक म्हणतात. हसू आवरलं नाही.

गाडी बघताना मात्र त्यांनी काही लपवलं नाही हे लिहायलाच पाहिजे. लिफ्टवर चढवून खालनं दाखवली, पेंट मोजायचं मशीन त्यांनीच हातात दिलं. सगळीकडं ११०-१२० मायक्रॉन आणि डाव्या पुढच्या फेंडरवर २६० च्या पुढं, म्हणजे रंग मारलाय. विचारल्यावर लगेच कबूल केलं, हायवेला सहापदरीचं काम चालू आहे तिथं खडी उडाली म्हणे. पटण्यासारखं आहे, त्या डायव्हर्जनला सगळ्यांच्याच गाड्या सोलून निघतात. टायरवरचे चार आकडे (बनल्याचा आठवडा आणि वर्ष) बघितले तर पुढचे २०२२ चे आणि मागचे २०२४ चे. रोज चालवायला घेत असाल तर यात काही वावगं नाही. पण कलेक्टरची गाडी म्हणून सहा लाख जास्त मागायचे आणि फेंडर रंगवलेला, हे एका वाक्यात बसत नाही, कलेक्टर पहिल्यांदा मूळ रंगच बघतो.

अजून दोन पैशाच्या गोष्टी ज्या ते स्वतःहून सांगणार नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांचा जीएसटी सेस धरून ४८ वरनं ४० टक्के झालाय, नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव पण उतरतो, यांची यादी अजून जुन्या भावावरच चालली होती. दुसरं इन्शुरन्स. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ठरलेल्या तक्त्याप्रमाणे ४० टक्के घसारा धरतात, म्हणजे ६८.९० ची गाडी साधारण ४१ लाखाला धरली जाणार. उद्या टोटल लॉस झाली तर लिमिटेडचे जास्त दिलेले सहा लाख इन्शुरन्सवाला देणार नाही.

टोकनचं पण ऐका. पन्नास हजार टोकन मागितले, परत मिळणार का विचारलं तर 'बघू की साहेब, आपलंच आहे.' लिहून द्या म्हटलं तर मॅनेजर जेवायला गेलेला. एक स्टार इथंच कापला.

कोल्हापुरात गाडीला मान देणारी माणसं कमी नाहीत, दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा गर्दी बघा. पण तिला मान आहे तो इतिहासाचा, कुणी बॉनेटवर काय चिकटवलंय त्याचा नाही. आणि इथं चार वर्षांनी ही एडिशन विकायला काढली तर सहा लाख जास्त देणारा दुसरा कोण येणार, ते पोराला पण सांगता आलं नाही.

मावसभावानं साध्या गाडीच्या किमतीला ऑफर मेसेज करून ठेवलीये, बिल्ड शीट आणि सर्व्हिस रेकॉर्डच्या अटीवर. उत्तरादाखल तो पोरगा रोज गुड मॉर्निंग पाठवतोय. त्यांच्याकडं मागच्या लाइनला एक पांढरी २०२३ ची फेसलिफ्ट उभी आहे, बॅज साधाच, रंग सगळीकडं कंपनीचा, आणि मागतायत या एडिशनपेक्षा लाखभरच जास्त. गेलात तर ती आधी काढायला सांगा.