ईशापूरची थ्री-नॉट-थ्री, १९४३ : काही महिन्यांच्या वापरानंतर

इथे अमेरिकेत ली-एनफील्ड, म्हणजे .३०३ ची जुनी ब्रिटिश लष्करी रायफल, घ्यायला निघालेला माणूस सहसा इंग्लंडची बीएसए, ऑस्ट्रेलियाची लिथगो नाहीतर कॅनडाची लाँग ब्रँच शोधतो. ईशापूर, म्हणजे बंगालमधल्या कारखान्याची, म्हटलं की विकणाराच भाव उतरवून सांगतो. मी ठरवून ईशापूर घेतली. इतके महिने रेंजवर चालवून, उघडून, पुसून झाल्यावर माझं मत पक्कं आहे : युद्धकाळातली, नीट जपलेली ईशापूर यांपैकी कुणापुढेही कमी पडत नाही. मात्र ती पारखून घ्यावी लागते, आणि खरी पारख शिक्क्यांवर होत नाही, लाकडाच्या आत होते.

माझी रायफल नंबर १ मार्क ३ स्टार, म्हणजे ली-एनफील्डचा जुना नमुना. कुंदा, म्हणजे खांद्याला टेकणारं लाकूड, जिथे बसतो त्या लोखंडी कड्यावर मुकुट, खाली जी.आर.आय. (तेव्हाचा राजा जॉर्ज याची आद्याक्षरं), ईशापूर आणि १९४३. प्रजासत्ताक झाल्यावरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभ येतो, त्यामुळे काळ ओळखायला पहिली नजर इथेच टाकावी. इंग्लंड दुसऱ्या महायुद्धात नव्या नमुन्याकडे, नंबर ४ कडे वळलं, पण हुगळीकाठच्या या कारखान्याने जुना नंबर १ च घडवत ठेवला. बोल्ट, रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य भाग), नळी आणि नळीच्या टोकाची टोपी, चारही ठिकाणी एकच नंबर आहे. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर पुढे जाण्याआधी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाच्या कडेसाठी उरणारी जागा, गेजने तपासून घ्याच. .३०३ चं काडतूस बुडाच्या कडेवर बसतं, म्हणजे ते चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) किती आत जाईल हे त्या कडेवर ठरतं. नंबर ४ ला बोल्टचं डोकं मापानुसार बदलता येतं. नंबर १ ला तशी क्रमवार मापं नाहीत, जाणकाराकडून बसवूनच घ्यावं लागतं.

आता लाकूड. या रायफलीचा नेम नळीइतकाच पुढच्या दस्त्यावर, म्हणजे नळीखालच्या लाकडावर, अवलंबून असतो. गोळी सुटताना मागे येणारा धक्का रिसीव्हरच्या मागच्या बाजूला लाकडाच्या दोन छोट्या पृष्ठभागांवर जातो. वर्षानुवर्षं तेल मुरून ते मऊ पडलेले असले, किंवा तिथे फट राहिली असली, तर दस्ता चिरतो आणि गोळ्या विखुरतात. पुढे नळीला वर रेटणारी एक लहान स्प्रिंग आणि खुंटी असते. पुष्कळ रायफलींतून ती हरवलेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. माझ्या दस्त्यात आडवा स्क्रू आहे. लाकूड फाटू नये म्हणून ईशापूरने दुरुस्तीच्या वेळी घातलेला हा स्क्रू पाहून काही संग्राहक नाक मुरडतात. मला तो आवडतो. हत्यार सांभाळणाऱ्या कारागिराने ते वापरात राहावं म्हणून केलेलं काम आहे ते, आणि या रायफलीच्या इतिहासाचा भागच आहे.

लाकडाला मी फक्त जवसाचं तेल लावलं, पातळ हाताने, मध्ये सुकायला वेळ देऊन. पॉलिशपेपर लावला नाही आणि कुणी लावू नये. कुंद्यावरचे पुसट शिक्के एकदा घासले गेले की परत येत नाहीत, आणि संग्रहमूल्य त्यांच्याबरोबर जातं. लोखंडावर दुरुस्तीच्या वेळचा काळा रंग आहे, तोही तसाच ठेवला.

नळी आतून स्वच्छ आहे, पाच चऱ्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा), डावीकडे वळणाऱ्या. तोंडाशी मात्र थोडी झीज आहे. सैनिक पुल-थ्रूच्या दोरीने नळी साफ करायचे. दोरी तिरकी ओढली गेली की तोंडाची एकच बाजू घासते. विकत घेताना टॉर्च लावून हे तोंड आवर्जून बघा.

रेंजवर पहिली गोष्ट लक्षात येते ती बोल्टची. तो फक्त ६० अंश उचलावा लागतो, आणि बंद करताना कॉक होतो, म्हणजे बार उडवायची स्प्रिंग ताणली जाते. गाल कुंद्यावरून न हलवता पुढची गोळी भरता येते. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाकडून मिनिटाला पंधरा नेमके बार अपेक्षित होते, ते या बोल्टमुळे. चाप दोन टप्प्यांचा, जड पण एकसारखा. मागची साइट २०० यार्डांपासून सुरू होते, म्हणून १०० यार्डांवर गोळी वर जाते; थोडं खाली धरावं लागतं. ते साधलं की १८० ग्रेनच्या गोळ्यांचा पाच बारांचा समूह साधारण साडेतीन इंचांत पडतो. इतक्या वयाच्या लष्करी रायफलीकडून मी याहून जास्त मागणार नाही.

चार्जर (काडतुसं एकत्र धरणारी पट्टी) भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना, ते पाहावं, नाहीतर मॅगझिन अडतं. जुनी लष्करी काडतुसं उडवली तर त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओतून मग तेल द्या. त्यांच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोप्यांतला क्षार ओल धरून लोखंड खातो. घरी काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांनी पितळाची, म्हणजे रिकाम्या काडतुसाची, फक्त मान आवळावी. चेंबर सैल असतं, पूर्ण आवळलेलं पितळ दर बाराला ताणतं आणि बुडाजवळ तुटतं. तिथे चकचकीत रेघ दिसली की ते पितळ फेकून द्यायचं.

आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री म्हटलं की एनसीसीची कवायत किंवा पोलीस ठाण्याबाहेरचा शिपाई आठवतो, आणि आता २६ नोव्हेंबर २००८ ची रात्रही. स्वयंचलित बंदुकांसमोर पोलिसांच्या हाती ही रायफल होती, तेव्हापासून ती कुचकामी ठरली. मला हे फार लागतं. या रायफलीचा काळ संपल्यावरही ती माणसांच्या हाती देत राहिले, दोष त्यांचा आहे. तिच्या काळात हीच रायफल घेऊन मराठा लाइट इन्फंट्रीचे सैनिक लढले. इटलीत टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारा पराक्रम करताना यशवंत घाडगे यांच्या हातात टॉमीगन होती, हे खरं. पण पायदळातल्या साध्या सैनिकाच्या खांद्यावर ली-एनफील्डच असे. विकणाऱ्याने माझी रायफलही इटलीत लढल्याचं सांगून शंभर डॉलर जास्त मागितले. कागद नसलेल्या कथेसाठी मी एक डॉलरही दिला नाही, तुम्हीही देऊ नका.

भारतात .३०३ सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे हे सगळं परदेशात कायद्याने घेऊ शकणाऱ्यांसाठी. डीपी असा शिक्का असेल तर ती कवायतीची रायफल आहे, गोळी झाडायला ती घेऊच नका. नळीभोवती तार गुंडाळलेली ग्रेनेडची रायफल संग्रहाला छान, पण मी ती चालवणार नाही. बारा काडतुसांचं चौकोनी मॅगझिन दिसलं तर ती स्वातंत्र्यानंतरची २ए किंवा २ए१ आहे, तिला ७.६२ ची काडतुसं लागतात, .३०३ ची नाहीत. आणि दस्ता कापून शिकारी रायफल केलेली दिसली तर संग्रहासाठी सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. सहाशे डॉलरच्या आत एकसारख्या नंबरांची, पूर्ण लाकडाची ईशापूर मिळत असेल, तर दस्ता उतरवून दाखवायला सांगा. दाखवायला तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका.