'द अननोन एजॅक्स': काही महिन्यांच्या सहवासानंतर

जॉर्जेट हेयर यांची ही १९५९ सालची कादंबरी मी पावसाळ्याच्या सुरुवातीला घेतली. आधी ई-बुक वाचलं, मग ऑडिओबुक ऐकलं आणि आता परत वाचायला घेतलंय. हलकीफुलकी ऐतिहासिक प्रेमकथा एकदा वाचली की संपली, असं अनेकजण म्हणतात. हिच्या बाबतीत मला ते अजिबात पटत नाही.

काळ वॉटर्लूच्या लढाईनंतरचा. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, रॉम्नी मार्शच्या दलदलीजवळ डॅराकॉट घराण्याची जुनी हवेली आहे. घराण्याचे प्रमुख म्हातारे लॉर्ड डॅराकॉट; त्यांचा थोरला मुलगा आणि त्याचा मुलगा समुद्रात बुडतात. मग किताब आणि इस्टेट कुणाकडे जाणार? घराने कधी तोंडही न पाहिलेल्या नातवाकडे, मेजर ह्यूगोकडे! त्याच्या वडिलांनी यॉर्कशरमधल्या विणकराच्या मुलीशी लग्न केलं म्हणून म्हाताऱ्या लॉर्डने संबंध तोडलेले. पण वारसा पुरुषांच्या वंशाने चालतो, तिथे आजोबांचा इलाज नाही. म्हणून ते सगळं गणगोत हवेलीत गोळा करतात. या 'गावंढळा'ला रीतभात शिकवायची आणि नात अँथियाने त्याच्याशी लग्न करायचं, असा हुकूम सुटतो.

ह्यूगो येतो तो धिप्पाड, निळ्या डोळ्यांचा, चेहऱ्यावर भाबडेपणा. सगळ्यांनी आपल्याला अडाणी ठरवलंय हे त्याला पहिल्याच संध्याकाळी कळतं, आणि तो मजेत ठसक्याची यॉर्कशरी बोली सुरू करतो. खरी गंमत दुसऱ्या वाचनात आहे. तो खोटं फारसं बोलत नाही. समोरच्याने जे आधीच धरून ठेवलंय, ते फक्त खोडून काढत नाही. हे एकदा लक्षात आलं की प्रत्येक संवाद नव्याने उलगडतो. अँथियाला तो खेळ कळू लागतो आणि ती त्यात सामील होते, तिथेच प्रेम सुरू होतं. एकत्र हसता हसता जुळलेलं इतकं सुंदर प्रेम मी फार कमी ठिकाणी वाचलंय.

ह्यूगोचे चुलतभाऊ, म्हणजे नटवा क्लॉड आणि तिखट जिभेचा व्हिन्सेंट, आणि त्या दोघांच्या खासगी नोकरांमधलं हाडवैर, या सगळ्यांवर माझा जीव जडलाय. जोडीला किनाऱ्यावरची तस्करीही आहे. चोरट्या ब्रँडीचं घरात कुणाला काही वाटत नाही, ह्यूगोला मात्र वाटतं. आणि तिथून कथेला जी धार येते ती अगदी खरी वाटते. शेवटची प्रकरणं म्हणजे एक रात्र, एक दिवाणखाना आणि दारात आलेला अधिकारी. यापुढे सांगणार नाही. एवढंच म्हणते, की तोवर नुसत्या नाक वर करून बसलेल्या लेडी ऑरेलिया (क्लॉड-व्हिन्सेंटच्या आई) त्या प्रसंगात काय करतात ते जरूर पाहा.

उणिवा आहेत. सुरुवातीला नातेवाइकांची इतकी गर्दी आहे, की मी कागदावर वंशावळ काढून ठेवली. खानदानी उच्चनीचतेच्या कल्पनेला लेखिका फारसा धक्का लावत नाही, ते मला दरवेळी खटकतं. शेवटाकडे अँथिया थोडी मागे पडते, तेही.

ह्यूगोची बोली छापील पानावर अडखळायला लावते. त्यामुळे पहिल्यांदाच घेणार असाल तर पुस्तक समोर ठेवून सुरुवातीची काही प्रकरणं ऐका. कान सरावला की पुढे नुसतं वाचलं तरी चालेल.