सायकिट-लर्न : हळदीच्या डेटावर रोज वापरतोय, मनापासून सांगतो

क्लस्टरिंगसाठी, म्हणजे एकसारख्या गोष्टींचे गट पाडायला, काय वापरावं असं सांगलीतली कॉलेजची पोरं सारखी विचारतात म्हणून जरा सविस्तरच लिहितोय. माझं काम मार्केट यार्डातल्या हळदीच्या डेटावर, प्रत्येक लॉटचा ओलावा, कुरकुमिन, हळकुंडाची लांबी, कणी किती, दर काय, असे ढीगभर कॉलम, आणि त्यातनं एकमेकांसारखे लॉट कुठले ते काढायचं, कुठला लॉट कुठल्या गटातला असं लेबल बिबल आधीपासून काही नाही. या कामाला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली सायकिट-लर्न ही लायब्ररी (तयार कोडचा संच) खरंच भारी आहे. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि पीसीए (ढीगभर कॉलम थोडक्या नव्या कॉलममध्ये आणणारी पद्धत) घ्या नाहीतर के-मीन्स (गट पाडणारी पद्धत) घ्या, चालवायची पद्धत सगळ्याची एकच, त्यामुळं एक जमलं की पुढचं पटकन जमतं.

पण डिफॉल्टवर (आधीच ठरवून दिलेल्या सेटिंगवर) भरवसा ठेवू नका. दर क्विंटलला हजारांत, कुरकुमिन दोन-चार टक्के, असा डेटा जसाच्या तसा पीसीएला दिला तर पहिला कॉम्पोनंट (पीसीएनं बनवलेला पहिला नवा कॉलम) म्हणजे नुसता दरच निघतो, बाकीचे कॉलम असून नसल्यासारखे, आणि व्हेरियन्सचा, म्हणजे डेटातला किती फरक पकडला त्याचा, आकडा मात्र एवढा झकास दिसतो की माणूस खूश होतो. पीसीए सरासरी स्वतः वजा करतं, स्केल करत नाही. सगळे कॉलम एका मापावर आणणारा स्टँडर्डस्केलर आधी लावायचाच, यात तडजोड नाही.

के-मीन्सला गट किती ते सांगितलं नाही तर ते गुमान 8 करून देतं, डेटात तेवढे असोत नसोत. शिवाय प्रत्येक लॉट कुठल्या ना कुठल्या गटात बसवणारच, मग एखादा भिजलेला लॉट असला की अख्ख्या गटाचा मध्य तिकडं ओढला जातो. म्हणून मला एचडीबीस्कॅन (दाटी बघून गट पाडणारी पद्धत) जास्त पटतं, 2023 ला सायकिट-लर्नच्या 1.3 व्हर्जनमध्ये आलंय. गटांची संख्या विचारत नाही, आणि जे कुठंच बसत नाही त्याला सरळ -1 देऊन बाजूला काढतं. यार्डात सौद्याला उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, असे लॉट असतातच, आणि खरं तर तेच आधी बघायचे असतात.

टी-एसएनई म्हणजे ढीगभर कॉलमच्या डेटाचं सपाट चित्र काढायची पद्धत, तिचं चित्र फार देखणं येतं, सगळे त्यालाच भुलतात. 2008 ची पद्धत आहे, व्हॅन डर माटेन आणि हिंटन यांची, शेजारी कोण ते ती छान जपते, पण दोन पुंजक्यांमधलं अंतर किंवा पुंजक्याचा आकार यावरनं काही ठरवायचं नाही. पर्प्लेक्सिटी (साधारण किती शेजारी धरायचे तो आकडा) डिफॉल्टला 30 असते, ती 5 करा, 50 करा, चित्र किती बदलतं ते स्वतः बघा. आणि उद्या नवीन लॉट आला तर तो त्याच चित्रात टाकता येत नाही, पीसीएत येतो. म्हणून गट पीसीएच्या आउटपुटवर पाडायचे, टी-एसएनई फक्त बघायला.

डॉक्युमेंटेशन इंग्रजीत आहे पण या सगळ्या मर्यादा त्यात स्पष्ट लिहिल्यात, तेवढं नक्की वाचा. यूमॅप (टी-एसएनईसारखीच चित्र काढायची पद्धत) या लायब्ररीत नाही, ते वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, हीच एक गोष्ट मला खटकते.