नातीची शाळा, आठवड्यातले दोन दिवस आत बसून पाहिलेली

नात तिसरीत आहे, कॅथलिक प्राथमिक शाळेत. आम्ही स्वतः कॅथलिक नाही. गेलं वर्षभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिच्या शाळेत वाचनाला मदत करायला जाते. मी ३१ वर्षं प्राथमिकच्या मुलांना शिकवलं, त्यामुळे कुठल्याही शाळेत पाऊल टाकलं की माझी नजर आधी मागच्या बाकाकडे जाते. ओळखीच्या आयांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे: "तिथे सगळा वेळ धर्मातच जातो का हो?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रत्येक वर्गाच्या कोपऱ्यात एक छोटं टेबल असतं. त्यावर कापड, बायबल, क्रूस आणि एक मेणबत्ती. आठवड्याची सुरुवात तिथेच होते. रविवारी चर्चमध्ये जे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा आणि शिकवणीचा उतारा, वाचलं गेलं, तेच सोमवारी सकाळी वर्गात पुन्हा वाचतात, सोप्या शब्दांत. कापडाचा रंग चर्चच्या वर्षाप्रमाणे बदलतो: एरवी हिरवा, नाताळच्या आधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळात जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सणाला, लाल. पहिलीत असताना नात ‘मागच्या महिन्यात’ आणि ‘पुढच्या महिन्यात’ यांत हमखास गोंधळायची. "जांभळं कापड होतं ना, तेव्हा" हे मात्र बिनचूक सांगायची. लहान मुलांच्या मनात काळाची जाणीव रुजवणं किती अवघड असतं, ते पहिलीला शिकवलेल्या कुणालाही विचारा. इथे ते काम एका कापडाने केलं.

या रंगांच्या आणि दिवसांच्या आधाराने इथल्या शिक्षिका गणित शिकवतात, हे मला फार आवडलं. आगमनकाळात वर्गात हिरव्या डहाळ्यांचं एक कडं ठेवतात आणि त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. पहिल्या आठवड्यात एक लावायची, दुसऱ्या आठवड्यात दोन, अशा वाढवत जायच्या. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, आनंदाची. नातीच्या टीचरनी चौथ्या आठवड्यात मुलांना पट्ट्या दिल्या आणि चारही मेणबत्त्यांची उंची मोजायला लावली. पहिली सगळ्यात बुटकी, चौथी सगळ्यात उंच. का? मग आकृती काढली. पहिली चार आठवडे जळली, दुसरी तीन, तिसरी दोन, चौथी एक. एकूण किती? दहा. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी बेरजेला घाबरतो, तो सगळ्यांच्या आधी उभा राहिला आणि म्हणाला, "पहिलीने सगळ्यात जास्त काम केलं."

प्रायश्चित्तकाळातही तसंच. हा काळ चाळीस दिवसांचा, असं मुलांना सांगितलेलं असतं. टीचरनी भिंतीवर चौकोन आखले आणि राखेच्या बुधवारपासून, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजायला सांगितलं. मुलांनी मोजले तर ४६ भरले! पुन्हा मोजले, पुन्हा ४६. दोन दिवस वर्गात यावरून वाद चालला. शेवटी एका मुलीच्या लक्षात आलं की रविवार सहा आहेत आणि ते उपवासाच्या दिवसांत धरत नाहीत. ४६ वजा ६. टीचरनी तोपर्यंत तोंडातून उत्तराचं अक्षर काढलं नव्हतं. एवढा धीर फार थोड्या शिक्षकांकडे असतो, आणि हे मी माझ्या स्वतःच्या वर्गातल्या घाईच्या आठवणीतून सांगते. ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते, हेही मुलं आकाशाकडे बघून शिकली. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. नात रोज रात्री खिडकीत उभी राहून चंद्र केवढा झाला ते वहीत काढायची.

मंगळवारी माझं वाचन. चार-चार मुलांचा गट, वीस मिनिटं. वाचनाच्या पुस्तकांत संतांच्या गोष्टी आहेत तशाच प्राण्यांच्या, प्रवासाच्या आणि शोधांच्याही आहेत, आणि मुलाला हवं ते पुस्तक निवडू देतात. जिन्याजवळ संत जाँ-बातीस्त द ला साल यांचं चित्र आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या गरीब मुलांना आधी लॅटिनमधून नाही, तर त्यांच्या बोलीभाषेतून वाचायला शिकवायचं, आणि एकेकाला बोलावून शिकवण्याऐवजी सारख्या तयारीच्या मुलांचा वर्ग करून शिकवायचं, हे त्यांनी आपल्या शाळांतून रुजवलं. १९५० साली पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत घोषित केलं. मी त्या चित्राजवळून जाताना क्षणभर थांबते. आपण ज्याला ‘वर्ग’ म्हणतो त्याच्या घडणीत या माणसाचा मोठा वाटा आहे, आणि अध्यापक विद्यालयात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी सिस्टर येऊन धर्मशिक्षणाचा तास घेतात. गुरुवारी गाण्यांची तालीम, खेळ, चित्रकला. याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही, इतर चांगल्या शाळांसारखंच. एक गोष्ट मात्र सांगते. मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत बसून राहत नाहीत, मैदानावर मुलांमध्ये असतात, काही जण चेंडूमागे धावतातसुद्धा. एका सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, हे डॉन बॉस्कोंचं, मुलांसाठी शाळा काढणाऱ्या इटलीतल्या एका संत पाद्रींचं. मूल चुकण्याची वाट बघून शिक्षा करण्यापेक्षा आधीपासून त्याच्याजवळ असावं, अशी त्यांची पद्धत. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे तिचे तीन आधार. मैदानावर भांडणं होतात, पण ती वाढायच्या आत कुणीतरी मोठं माणूस तिथे पोचलेलं असतं.

शुक्रवारी शाळेची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना. प्रत्येक आठवड्याला एका वर्गाकडे वाचनं आणि प्रार्थना असतात. मुलांसोबतच्या मिस्साविधीसाठी चर्चने १९७३ मध्ये वेगळी मार्गदर्शिका काढली. मुलांना पेलणार नसतील तर वाचनं कमी करायची मुभा त्यात आहे, फक्त शुभवर्तमान कधीच गाळायचं नाही. त्यामुळे तिसरीतल्या मुलाच्या वाट्याला एक छोटा उतारा येतो, आणि तो उतारा ते आठवडाभर तयार करतं. मोठ्याने वाचनाचा इतका चांगला सराव मी माझ्या नोकरीत कुठे पाहिला नाही. पूर्णविरामाला मनात दोन आकडे मोजायचे. मान वर करून शेवटच्या रांगेकडे बघायचं. ध्वनिक्षेपकापासून एक वीत अंतर. आमच्या गटातली एक मुलगी ‘र’ आणि ‘ल’ मध्ये अडखळायची. तिने आठ ओळी अख्ख्या शाळेपुढे वाचल्या, एकदा थांबली, श्वास घेतला, आणि पुढे गेली. कुणी हसलं नाही. माझे डोळे भरून आले होते.

त्याच दिवशी शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं शांतता असते. हे जेजुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या रोजच्या आत्मपरीक्षणाचं मुलांना झेपेल असं रूप आहे. डोळे मिटायचे आणि आठवडा मनात मागे फिरवायचा: कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात, माझ्यामुळे कुणाला दुखलं का, सोमवारी काय वेगळं करीन. कुणी उत्तर मोठ्याने द्यायचं नसतं. तीस मुलं दहा मिनिटं गप्प बसतात, धाकाने नव्हे, सवयीने. एका रात्री झोपताना नात मला म्हणाली, "आजी, मी आज तिला खेळायला घेतलं नाही. उद्या घेईन." मी काही विचारलं नव्हतं.

आता तक्रारी. डिसेंबरमध्ये नाताळच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली की विज्ञानाचा तास हटकून तिच्यात जातो. मागच्या वर्षी सलग तीन आठवडे नातीच्या वर्गाला विज्ञान मिळालं नाही. चंद्राची वही बनवून घेणाऱ्या शाळेने असं करावं, याचं मला वाईट वाटतं. शुद्धलेखनाच्या चाचणीचे गुणही शुक्रवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. तासाभरापूर्वी ज्या मुलांना धीर दिला, त्यांनाच असं खाली बघायला लावू नये. मी हे मुख्याध्यापिका सिस्टरांना लेखी दिलं आहे.

सगळ्यात मोठी तक्रार तिसरीच्या दुसऱ्या सहामाहीची. या वयात कॅथलिक मुलं पहिलं पापनिवेदन करतात, म्हणजे फादरांजवळ आपल्या चुका कबूल करतात, आणि पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात वाटली जाणारी पवित्र भाकरी, घेतात. पूर्वी मुलं बरीच मोठी होईपर्यंत थांबवली जायची. १९१० मध्ये दहाव्या पायस पोपनी समज आलेल्या, साधारण सात वर्षांच्या मुलांना तो मिळावा असं ठरवलं. त्या मुलांसाठी हा मोठा सोहळा, त्यांची तयारी शाळेने मनापासून करावी हे योग्यच आहे. पण ती तयारी सुरू झाल्यावर आमच्यासारख्या घरांतल्या सहा मुलांना रोज रंगवायचे कागद देऊन वाचनालयात बसवलं. आम्हाला आधी कळवलंही नाही. चौथ्या दिवशी नातीने विचारलं, "माझं काही चुकलं का?"

मुलगा, सून आणि मी, तिघेही भेटायला गेलो. मी वाचून गेले होते. चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, शिक्षणाबद्दलचा जाहीरनामा २८ ऑक्टोबर १९६५ रोजी काढला. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच, असं त्यात म्हटलं आहे. इतर धर्मांबद्दल आदराने बोलणारा जाहीरनामाही त्याच दिवशी निघाला. मी सिस्टरांना एवढंच म्हटलं की तुमच्याच या दोन कागदांप्रमाणे आम्हाला आधी विचारायला हवं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सबब सांगितली नाही. महिन्याभरात बदल झाला. येशूच्या शेवटच्या भोजनाची गोष्ट, भाकरी वाटून घेण्याचा अर्थ, क्षमा मागणं हा भाग सगळा वर्ग एकत्र शिकू लागला. विधीच्या खास तालमीच्या वेळी त्या सहा जणांबरोबर एक शिक्षिका बसते आणि ती मुलं आपापल्या घरातल्या मोठ्या माणसांच्या मुलाखती लिहितात. नातीने माझी घेतली. पहिला प्रश्न होता, "तू शिक्षिका का झालीस?" मिस्साच्या वेळी ख्रिस्तप्रसाद वाटताना ही मुलंही आता रांगेत पुढे जातात, हात छातीवर दुमडून, आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात. पूर्वी ती बाकावर एकटी उरायची.

मूल कॅथलिक नसेल आणि या शाळेचा विचार करत असाल, तर प्रवेशाआधीच तिसरीच्या त्या काही महिन्यांबद्दल विचारा. कोण कुठे बसणार, कुणाबरोबर, काय करणार, हे स्पष्ट करून घ्या. धर्मशिक्षणाच्या तासाला बसायचं की नाही, तेही. आणि एक शुक्रवार मागा. सकाळी मिस्साला मागच्या रांगेत बसा, मग शेवटच्या दहा मिनिटांसाठी वर्गाच्या दाराशी उभे राहा. सिस्टर नाही म्हणत नाहीत, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं. मुलांची तंद्री मोडू नये म्हणून चपला बाहेर काढून ठेवा.